कॅरारोला आयरिशमधून पत्र : प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार. डब्लिन

संध्याकाळच्या आयरिश भाषेच्या वर्गाचा या सत्राचा प्रकल्प ठरला. खऱ्या माणसाला एक पानी अनौपचारिक पत्र लिहायचं, हाताने, आणि पोस्टात टाकायचं. अट एकच, ज्याला पत्र जाणार त्याला आयरिश वाचता आलं पाहिजे. डब्लिनमध्ये राहून ही अट ऐकायला वाटते तितकी सोपी नाही. 2022 च्या जनगणनेत 18,73,997 लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येतं असं सांगितलं, पण शाळा-कॉलेजाच्या बाहेर रोज बोलणारे निघाले 71,968. शाळेत शिकतात जवळजवळ सगळेच, पुढे सवय सुटते.

माझ्या मनातलं नाव पक्कं आहे. गेल्या उन्हाळ्यात मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉनमारातल्या कॅरारो गावी, मोठ्यांच्या वर्गाला गेले होते. ज्यांच्या घरी राहिले त्या बाई ऐंशीच्या घरातल्या. गेलतख्तमध्ये, म्हणजे आयरिश अजून रोजच्या बोलण्यात असलेल्या पट्ट्यांत, विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेणाऱ्या गृहिणीला 'बॅन अन ची' म्हणतात, घरची बाई. या नोंदींत मीही त्यांना तेच म्हणणार, नाव लिहिणार नाही. निघताना त्यांनी ब्राऊन ब्रेडची कृती लिहिलेलं एक कार्ड हातात ठेवलं आणि पत्र पाठव म्हणाल्या. ते पत्र आता जाईल.

9 जानेवारी, गुरुवार

आज ऑफिसात जेवताना विषय काढला, तर टेबलावरच्या तिघांनी एका सुरात म्हणून दाखवलं: 'ता सूल अगम गो विल तू इ मार ना स्लान्चा.' तुझी तब्येत एकदम उत्तम असेल अशी आशा आहे. शाळेतल्या 'लिचिर'ची, पत्राची, ही ठरलेली पहिली ओळ. परीक्षेसाठी पत्राचा सांगाडाच पाठ करून घेतात: वर उजव्या कोपऱ्यात पत्ता आणि तारीख, मग मायना, तब्येतीची ओळ, तुझं पत्र मिळालं त्याबद्दल आभार, बरेच दिवस लिहिलं नाही म्हणून क्षमा, मधे थोड्या बातम्या, शेवटी 'माझ्याकडे एवढ्याच बातम्या' आणि 'स्लान गो फोल', म्हणजे तूर्त निरोप.

आपण दहावीला 'तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष' असंच घोटून घेतलं होतं. अशा ओळींना नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. 'इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' या एका ओळीवर माझ्या आजीने आयुष्यभर पत्रं लिहिली आणि त्यातली एकही खोटी नव्हती. ठरीव ओळ म्हणजे उंबरा, तो ओलांडून आत यायचं असतं. परीक्षेच्या पत्रात अडचण होते ती आतल्या भागाची. तिथे सहली, सिनेमे, फुटबॉलचे सामने असतात, आणि ते लिहिणाऱ्याच्या आयुष्यात घडलेले असतातच असं नाही.

तेव्हा ठरवलं, सुरुवातीला एक ठरीव ओळ, शेवटी एक. मधलं सगळं घडलेलं.

12 जानेवारी, रविवार

दिवसभर मायन्यावर होते. आयरिशमध्ये संबोधन विभक्ती जिवंत आहे. नावाआधी 'अ' लागतो आणि नावाचं पहिलं व्यंजन मऊ होतं, म्हणजे लिहिताना त्याच्यापुढे एच येतो आणि उच्चार बदलतो. 'मारा' नावाच्या बाईंना हाक मारताना 'अ वारा', 'पाड्रिग'ला 'अ फाड्रिग'. पुरुषांच्या बऱ्याच नावांत शेवटचं व्यंजनही बदलतं, त्यामुळे 'शॉन'ला लिहिताना नावात एक आय वाढतो. आपल्याकडे 'देव'चा 'देवा' आणि 'मुलं'चं 'मुलांनो' होतं, तेव्हा बदल शेवटी होतो. इथे तो तोंडाशीच होतो. माझं नाव 'म'वरून आहे. कॅरारोच्या त्या स्वयंपाकघरातून मला हाक यायची तेव्हा 'म'चा 'व' झालेला असायचा, आणि दोन दिवसांत मी त्या नव्या नावाला ओ द्यायला लागले होते.

नावापुढे 'अ खारा' लिहायचं, मित्रा किंवा मैत्रिणी. यातला 'ख' घशातला, उर्दूतल्या 'खत'मधला. हे संबोधन इथे सरकारी पत्रांतही चालतं. कर खात्याचं आयरिशमधलं पत्रही 'अ खारा'नेच सुरू होतं. म्हणून जवळीक दाखवायची तर आणखी काही जोडावं लागतं. 'यिल' जोडलं की 'प्रिय' होतं.

माझा मायना: 'अ व्हॅन अन ची, अ खारा यिल'. घरच्या बाई, प्रिय मैत्रिणी. ऐंशीच्या बाईंना मैत्रीण म्हणताना हात जरा अडखळतो, पण तिथे राहताना त्यांनी मला तसंच वागवलं होतं.

16 जानेवारी, गुरुवार

आता खरी अडचण. आयरिशमध्ये समोरच्या एका माणसाला म्हणायला 'तू' आहे आणि तेवढंच. उच्चारही आपलाच, 'तू'. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या, हे सर्वनाम दोघींनी त्याच जुन्या घरातून आणलंय. 'सिव' म्हणून अनेकवचन आहे, पण एका माणसाला आदराने 'सिव' म्हणण्याची रीत आजच्या आयरिशमध्ये नाही. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये आहे, तिथे वडीलधाऱ्यांना अनेकवचनच लावतात.

इंग्रजीत 'यू' लिहिताना मला काहीच वाटत नाही, तो शब्द माझ्या कानाला ना तू ना तुम्ही. पण आयरिशमध्ये 'के खी विल तू', कशी आहेस तू, असं लिहिलं की माझ्याच आईचा आवाज कानात येतो: मोठ्यांना अरे-तुरे? सांगलीत शेजारच्या काकूंनाही मी कधी 'तू' म्हटलेलं नाही.

वर्गात हे विचारलं. आमच्या शिकवणाऱ्या बाई वायव्येकडच्या डॉनेगॉलच्या. त्यांनी उलट मलाच विचारलं, तू तिथे राहिलीस तेव्हा आदर तुला कशात दिसला? मी आठवत गेले. शेजारी दारात आला की देवाचं नाव घेऊन नमस्कार करी: 'दीआ दिच'. उत्तरात बॅन अन ची देवाबरोबर मेरीचंही नाव जोडत, म्हणजे मिळालेल्या आशीर्वादाहून एक पाऊल जास्त परत करायचा. घरातल्या प्रत्येकाची नावानिशी चौकशी होई. कुणाबद्दल बोलताना 'देव त्याचं भलं करो' सहज येऊन जाई. आदर तिथे होता, भरपूर होता, सर्वनामाच्या बाहेर.

हे सापडल्यावर पत्राची मांडणी बदलते. 'तू' तसंच राहील. आदर जाईल चौकशीत, आशीर्वादात आणि समारोपात. एक वाक्यरचना मला फार आवडली आहे: 'एग कुर दो हूअरिश्क'. आई तुमची विचारपूस करत होती, हे सांगायला नेमकी हीच. मराठी पत्रात 'आईने तुमची चौकशी केली आहे' जिथे येईल, बरोबर तिथे ही बसते.

19 जानेवारी, रविवार

पहिला कच्चा खर्डा झाला. बोली कॉनमाराची ठेवली आहे, कारण पत्र तिकडे जायचंय. 'कशी आहेस'चीच तीन रूपं आहेत: कॉनमारात 'के खी विल तू', दक्षिणेत मन्स्टरला 'कनस ती', आणि आमच्या बाईंच्या डॉनेगॉलला 'गजे मर ता तू'. 1958 ची प्रमाण भाषा आहे, तिच्यात लिहिलेलं सगळ्यांनाच कळतं. तरी सांगलीच्या माणसाला पत्र लिहिताना मी पुण्याची भाषा आणणार नाही, तसं इथेही नको. टॅंग्लन हा ऑनलाइन कोश शब्दांचे उच्चार तिन्ही बोलींत ऐकवतो, तो उघडाच ठेवला होता.

गावांच्या नावांवरही व्याकरण चालतं. 'इ' म्हणजे 'मध्ये' आला की पुढच्या नावाच्या तोंडाशी नवा आवाज बसतो. पुण्याला लावायचा तर 'इ बुने'. परक्या गावांच्या नावांना हा बदल करावा की नाही याबद्दल वर्गात दोन मतं निघाली. बाई म्हणाल्या, जे नाव आयरिश तोंडात रुळलंय त्याला करावा. मी केला. माझा भाऊ तिथे राहतो, आणि पुणं कॅरारोच्या स्वयंपाकघरात रुळलंय, मी त्याच्याबद्दल तिथे पुष्कळ बोलले होते. सांगलीला मात्र काही होत नाही, या जागी 'स' बदलत नाही. 'इ सांगली' तसंच्या तसं.

आज ते ब्रेडचं कार्ड पुन्हा काढून पाहिलं. त्यावरचं अक्षर जुन्या वळणाचं आहे. मऊ झालेल्या व्यंजनापुढे आज आपण एच लिहितो, त्या जागी त्यांनी अक्षराच्या डोक्यावर टिंब दिलंय, आपल्या अनुस्वारासारखं. पीठ, ताक, सोडा, मीठ, आणि मधे मधे टिंबं. शाळांतून ही जुनी लिपी गेली 1960 च्या दशकात, आणि त्या त्याआधी शाळेत होत्या. एका टिंबावर त्यांनी पेन दोनदा टेकवलंय, तिथे शाई पसरली आहे. मी टिंबाने लिहावं का, असं वाटून गेलं. नाही. माझा हात एच लिहायला शिकलाय, वाचताना त्यांना ते परकं वाटणार नाही.

खर्डा वाचला. बरा आहे. डब्लिनची थंडी, वर्ग, भाऊ, नवीन घर. त्यांनी यावर काय उत्तर लिहावं, असा प्रश्न पडला. माझ्या बातम्या त्यांच्या दारापर्यंत जातात आणि तिथेच थांबतात.

24 जानेवारी, शुक्रवार

पहाटेपासून एओविन वादळ. संपूर्ण देशाला लाल इशारा, शाळा बंद, बस-ट्रेन बंद, सगळे घरात. आमच्या इमारतीच्या मागचं कुंपण सकाळी गेलं. पण जोर पश्चिमेला. मेस हेडला वाऱ्याचा झोत ताशी 183 किलोमीटर नोंदला गेला. 1945 मध्ये फॉइन्सला 182 ची नोंद झाली होती, तो विक्रम आज मोडला. मेस हेड म्हणजे कॉनमाराचाच किनारा, कॅरारोच्या पश्चिमेला. 7,68,000 घरं, शेतं आणि दुकानं विजेविना आहेत.

फोन लावला. लागत नाही.

26 जानेवारी, रविवार

अजून लागत नाही. वीज नसली की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही संपतात, ब्रॉडबँडही जातं. पाण्याचे पंप विजेवर, त्यामुळे कित्येक ठिकाणी पाणीही नाही. ओळखीतल्या एकीचे नातेवाईक तिकडे आहेत, त्यांच्याकडून एवढं कळलं की कॅरारोच्या बाजूला माणसं सुखरूप आहेत, वीज कधी येईल कुणाला माहीत नाही.

खर्डा बाजूला ठेवला आणि नव्याने लिहायला बसले. 'इ मार ना स्लान्चा' ही ओळ आता तिथे चालेना. तिच्याऐवजी लिहिलं: 'ता सूल अगम गो विल तू स्लान सावालचा', तू सुखरूप असशील अशी आशा आहे. सांगाडा तोच, 'ता सूल अगम' तेच. पाठ केलेल्या ओळीचा अर्धा भाग बदलला आणि ती माझी झाली.

पुढचं वाक्य: 'वी इमनी ओरम फूत.' काळजी होती माझ्यावर, तुझ्याबद्दल. आयरिशमध्ये काळजी, आनंद, भूक, तहान, लाज ही सगळी माणसाच्या अंगावर असतात. मराठीत आपल्याला भूक लागते, राग येतो, वाईट वाटतं, आपण काही करत नाही, त्या गोष्टीच आपल्याकडे येतात. इंग्रजीतून आयरिश शिकणाऱ्या वर्गमित्रांना ही रचना प्रत्येक वेळी मनात जुळवावी लागते, मला ती आपसूक येते.

मग क्रियापद पहिलं ठेवून घडलेलं लिहीत गेले. 'खूअला मे अन घी अर माजिन', ऐकला मी वारा सकाळी. कुंपण पडलं. फोन केला, लागला नाही. छोटी वाक्यं, भूतकाळातली, प्रत्येकाचा कणा एक क्रियापद.

नंतर प्रश्न. वीज आली का? छपराचं काही गेलं का? पाणी कुठून आणता? शेजारी येऊन बघतात का? आयरिशमध्ये प्रश्नाला हो-नाही असं उत्तर नसतं, क्रियापदच परत म्हणायचं असतं: आली, किंवा आली नाही. त्यामुळे प्रश्न नीट बांधला की उत्तर देणाऱ्याचं पहिलं वाक्य आपणच तिच्या हातात देतो. गेल्या रविवारच्या खर्ड्यात हेच नव्हतं.

आणि एक परिच्छेद सांगलीचा. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. आमच्या गल्लीत होड्या आल्या. आई-बाबा वरच्या मजल्यावर, वीज नाही, फोन नाही, आणि मी इथून बातम्या बघत बसलेली. 'वी तिला वोर इ सांगली', मोठा पूर होता सांगलीत. दूर बसून फोन न लागणं काय असतं ते मला ठाऊक आहे, हे त्यांना कळावं म्हणून लिहिलं. कळवळा वाटतो असं नुसतं लिहिण्यापेक्षा हे बरं.

28 जानेवारी, मंगळवार

वर्गाच्या बाईंनी पत्र वाचलं. त्यांचा एक सल्ला होता, एखादी म्हण घाल, आयरिश पत्राला म्हण शोभते. त्यांनीच सुचवली: माणसं एकमेकांच्या सावलीत जगतात. परीक्षेच्या निबंधांत ती हमखास असते, आणि या आठवड्यात तर सगळ्यांच्या तोंडी आहे. मी घातली नाही. ज्यांच्या दारात शेजारी पाण्याचे कॅन घेऊन उभे असतील त्यांना ही म्हण मी डब्लिनहून सांगू नये असं मला वाटतं. बाईंना ते पटलं.

समारोपावर मात्र बराच वेळ गेला. 'इस मिशा, ले म्यास', मी, आदरपूर्वक, हा औपचारिक पत्राचा शेवट. 'ले ग्रा', प्रेमपूर्वक, घरच्यांसाठी. मला दोन्ही हवं होतं. 'तू' म्हणताना जे राहून गेलं ते इथे ठेवायचं होतं. शेवटी ठरलं: 'ले म्यास अगस ले क्युन', आदराने आणि मायेने.

1 फेब्रुवारी, शनिवार

आज सेंट ब्रिजिडचा दिवस, आयरिश पंचांगात वसंताचा पहिला दिवस. 2023 पासून याची सार्वजनिक सुट्टी मिळते, यंदा ती परवा सोमवारी आहे. पश्चिमेला हजारो घरांत अजून अंधार आहे.

पत्र रेघा नसलेल्या कागदावर, निळ्या शाईने उतरवलं. फाडा, म्हणजे दीर्घ स्वरावरची तिरकी रेघ, प्रत्येक शब्दावर पुन्हा तपासली, कारण तिने शब्द बदलतो. पाकिटावर गावाचं नाव 'अन ह्याहरू रूआ' लिहिलं. 2005 पासून गेलतख्तमधल्या गावांची आयरिश नावंच कायद्याने खरी, 'कॅरारो' हे बोलण्यापुरतं. खाली 'ना गालिवा', म्हणजे गॉलवे, परगणा आणि एअरकोड, म्हणजे इथला पिनकोड.

पत्र मराठीत साधारण असं:

'घरच्या बाई, प्रिय मैत्रिणी,

तू सुखरूप असशील अशी आशा आहे. मला तुझी काळजी वाटत होती. शुक्रवारी सकाळी मी वारा ऐकला आणि तुझं घर आठवलं, समुद्राकडची ती खिडकी. फोन केला, लागला नाही. वीज आली का? छपराचं काही गेलं का? पाणी कुठून आणतेस? शेजारी येऊन जातात का?

2019 मध्ये सांगलीला मोठा पूर आला होता. आई-बाबा वरच्या मजल्यावर होते, वीज नव्हती, आणि मी इथे होते. तेव्हा होडीतून लोक त्यांना दूध आणि मेणबत्त्या देऊन गेले. आई तुझी विचारपूस करत होती. तिला मी तुझ्या ब्रेडबद्दल सांगितलंय. पुण्याचा भाऊ बरा आहे, त्याला मुलगी झाली.

उन्हाळ्यात येईन. देव तुझं रक्षण करो.

आदराने आणि मायेने.'

पत्र हिरव्या पेटीत टाकलं.

5 मार्च, बुधवार

उत्तर आलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं एक पान, टिंबांच्या अक्षरात. वाचायला संध्याकाळ गेली. शब्द अवघड नव्हते, अक्षराला डोळा बसायला वेळ लागला.

माझ्या चारही प्रश्नांची उत्तरं क्रमाने आहेत, प्रत्येकाची सुरुवात माझ्याच क्रियापदाने. आली, पण आठवडा उलटून गेल्यावर. गेलं, गोठ्याचं एक पत्र्याचं पान. आणते पाणी, शेजाऱ्याच्या विहिरीतून. येतात, रोज. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या जळणाच्या, चुलीवर स्वयंपाक झाला, ती चूल काढून टाकायला मुलगा किती वर्षं मागे लागलाय, तो आता गप्प आहे. शेजाऱ्याने जनरेटर आणला होता, तो घराघरांत फिरवायचे, प्रत्येकाच्या फ्रीझरला थोडा थोडा वेळ.

भाचीला आशीर्वाद लिहिलाय, तिच्या नावाची जागा मोकळी ठेवून, कळलं की तू भर असं म्हणून. आईला दोन ओळी वेगळ्या आहेत, त्या मी फोनवर वाचून दाखवल्या आणि मराठीत सांगितल्या. आईने त्या पुन्हा वाचायला लावल्या.

आणि शेवटी त्यांचा एक प्रश्न: पूर ओसरल्यावर घरातला चिखल कसा काढला?

दुसऱ्या पत्राची तयारी आजच सुरू. 'लाइब' चिखल, 'स्लूअसिज' फावडं, बादली 'बुकेद'. आईकडून क्रम विचारून घेतला: चिखल ओला असतानाच ओढायचा, वाळला की दगड होतो. आधी वरच्या खोल्या, मग खालच्या, उतार दाराकडे बघून. भिंतींना ब्लीचिंग पावडर. गाद्या टाकून द्यायच्या, त्यांचा मोह धरायचा नाही. 'ओढणे' या क्रियापदाचा भूतकाळ कॉनमारात कसा करतात ते उद्या वर्गात विचारायचंय.